करड्या खुणा

४ मार्च, सोमवार

नोकरी लागली आणि खोल्याही मिळाल्या. प्रयोगशाळा चालत जाण्याइतकी जवळ, गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन. मामा सोबत राहायला आलाय. आई गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणाला, पाठराखीण म्हणून आलोय. मी चव्वेचाळीस वर्षांची!

आमची लस म्हणजे एका जीवघेण्या रोगाचा जिवंत, पण मंदावलेला विषाणू. त्याच्या जनुकांतली शेकडो अक्षरं अशी बदलली आहेत की प्रथिनं तीच बनतात, फक्त रखडत. तो सावकाश वाढतो, तोवर शरीर सावध होतं. लसीच्या प्रत्येक खेपेत काही बदललंय का, ते मी पाहायचं. प्रथिन बदलणारा फरक संगणक लाल दाखवतो, न बदलणारा करडा. करड्यांकडे कुणी बघत नाही.

१४ मार्च, गुरुवार

लाल एकही नाही. करड्या खुणा अकरा. उगाच खुसपट काढतेय का मी? तरी प्रमुखबाईंना विचारलंच. रागावल्या नाहीत. "प्रथिन बदललंय का? नाही ना? मग झालं."

खेप ठीक म्हणून सही केली.

आधी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना लस, मग लसीकरण केंद्रांवर. नर्स मामाला धोके वाचून दाखवायला लागली, तर त्यानं तिला थांबवलं. "भाचीची सही आहे ना? मग राहू दे."

२३ मार्च, शनिवार

मामाला ताप. नर्स म्हणते, लस लागू पडतेय. असेल.

त्या अकरा खुणा पुन्हा काढून बसले. विखुरलेल्या नाहीत. जिथे आम्ही अक्षर बदलून विषाणूला रखडवलं, नेमकं तिथेच मूळचं अक्षर परत आलंय. अकराही ठिकाणी.

२५ मार्च, सोमवार

त्या खेपेतला विषाणू काल पेशींवर सोडला होता. त्यांना संपवायला त्याला आठवडा लागतो. आज बशीत पेशीच नाहीत. बाईंनी ती उजेडाकडे धरली. मग म्हणाल्या, खेप शुक्रवारीच केंद्रांवर गेली.

केंद्रांना फोन लावले. बहुतेक ठिकाणी लस देऊन झाली होती.

२७ मार्च

मामाच्या घशातला नमुना. लाल नाही. करड्या दोनशेच्या वर. इतक्या बदलांना वर्षं लागायला हवीत — आणि सगळ्या मूळ अक्षरावर परतलेल्याच. संगणकाचा निष्कर्ष: प्रथिनांत बदल नाही.

खरंच नाही. तेच तर —

२९ मार्च

मामाला बोलवत नाही. पाणी पाजलं, ते बाहेर आलं. त्यानं हातानंच विचारलं, काय सापडलं? आजवर त्याच्याशी खोटं बोलले नाही. काही नाही मामा, म्हटलं. त्याचा विश्वास बसला. माझ्यावर नेहमी —

रविवार

आतला खोकला थांबलाय. अजून आत गेले नाही. बाईंचा फोन आला. त्याही खोकत होत्या.

माझा नमुना लावला. लाल नाही. करड्या मोजतेय — ताप — पुन्हा वरून — आम्ही बदललेलं एकही अक्षर उर