ओजीचानच्या नावाचं पत्र

॥ श्री ॥

गुढियारी, रायपूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रमास,

विनूताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. आम्ही दोघं मजेत आहोत. म्हणजे हे मजेत आहेत, मी जळून राहिली.

फोनवर तुले ऐकू येत नाही, आन् आमच्या दोन खोल्यांत मी हळू बोलली तरी ह्यांले सगळं ऐकू येते. म्हणून हे पत्र. वाचून फाडून टाक.

आपली ज्ञानदा आता तिकडे नागोयात पहिलीत आहे. व्हिडिओवर आली की आजी कशी आहेस एवढं विचारते आन् पळते. मराठी तिले समजते, पण वाचता काही येत नाही. डिसेंबरात तिनं आम्हा दोघांले मिळून एक पत्र पाठवलं, पेन्सिलीनं, पूर्ण जपानीत. तिच्या बाबानं, आपल्या यशोधननं, फोनवरून वाचून दाखवलं. मले त्या दिवशी फार वाईट वाटलं ग. माझ्या नातीचं पत्र माझ्या हातात, आन् मले वाचून दाखवायले दुसरा माणूस लागते!

म्हणून जानेवारीपासून शिकायले जाते. पंडरीत एका कपड्याच्या दुकानावर शर्मिष्ठा नावाची पोट्टी रविवारी शिकवते, पुण्याहून जपानी शिकून आली आहे. वर्गात कॉलेजातले पोट्टेच जास्त. मी गोल बाजारातून गणिताची चौकटीची वही आणली आन् सुरू केलं. गंमत अशी की त्यांचीही सुरुवात अ, इ, उ अशीच होते, मंग का, कि, कु. मले वाटलं, अरे, हे तर आपलंच घर! पण घरात शिरल्यावर पाहते तं ने, रे आन् वा या तिघी सख्ख्या बहिणी. कोणती कोणती, काही समजत नाही.

आता खरं दुखणं सांगते. मले स्कूटर येत नाही, म्हणून हे घेऊन जातात. पहिल्या रविवारी खाली थांबले. दुसऱ्या रविवारी शर्मिष्ठानं हिंदीत म्हटलं की अंकलजी, ऊन आहे, वर येऊन बसा. हे मागच्या बाकावर बसले. तिसऱ्या रविवारी तिनं फळ्यावर एक अक्षर काढून मले विचारलं. मी आठवून राहिली, तेवढ्यात मागून ह्यांनी सांगून टाकलं. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. आता शेहेचाळीसच्या शेहेचाळीस अक्षरं ह्यांले पाठ आहेत, ना वही, ना पेन्सिल! आन् ती पोट्टी मले म्हणते की आंटीजी, अडलं तं घरी अंकलजींले विचारत जा.

अंगाची नुसती लाही झाली. शिकायले मी निघाली होती ना? हे तं स्कूटर चालवायले आले होते!

तब्येतीले जप. कानाचं मशीन लावत जा, डबीत ठेवून त्याचा उपयोग नाही.

तुझी,
विनूताई

◆

अमरावती
१७ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. विनूताईस,

धाकट्या रमाचा शि. सा. न.

पत्र वाचलं, हसले, आणि फाडलं नाही. पुन्हा हसायला ठेवलं आहे.

अगं, भाऊजी रेल्वेत तारबाबू होते. टकटक ऐकून अख्खे निरोप उतरवण्यात त्यांची जवानी गेली. त्यांना अक्षरं पटकन येणार नाहीत तर कोणाला येतील? तू लहानपणापासून अशीच. मला पोहता आलं तेव्हा तू आठ दिवस विहिरीकडे फिरकली नव्हतीस.

पण एक सांगते. ज्ञानदासाठी शिकतेस ना, मग वर्गात कोण पुढे ते बघू नकोस. तिला सरळ तुझं एकटीचं पत्र लिही. पाकिटावर फक्त आजीचं नाव. भाऊजींना विचारू नकोस, दाखवूही नकोस. बघ कसं वाटतं.

मशीन लावते. शिट्टी वाजते त्याच्यात.

मोठी बहीण म्हणून रागावशील तेवढं रागाव, पण लिहीत राहा.

तुझी,
रमा

◆

॥ श्री ॥

रायपूर
९ एप्रिल २०२५

प्रिय रमास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं ऐकलं मी. फेब्रुवारी संपता संपता ज्ञानदाले पत्र टाकलं. दुपारी हे झोपले की दार लोटून बसायची. मराठी वाक्य फोनले सांगायचं, तो जपानीत दाखवे, मी कागदावर उतरवायची. छान बिनारेघांचा पांढरा कागद घेतला. चार ओळींले पाच दुपारी लागल्या. ह्यांनी दोनदा विचारलं की काय करून राहिली, दाखव, चुका पाहून देतो. मी म्हटलं काही गरज नाही. यशोधनलेही फोन करून बजावलं की पाकीट पोरीच्याच हातात द्यायचं, तू उघडायचं नाही. स्वतः पोस्टात जाऊन आली.

मंग मी वाट पाहून राहिली. मार्च सगळा गेला. होळीत आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका आल्या, त्यांलेही सांगून बसली की माझ्या नातीचं जपानहून पत्र येणार आहे.

परवा आलं. गंगाधर पोस्टमननं माझ्या हातात दिलं. पत्ता यशोधनच्या हातचा इंग्रजीत, आन् कोपऱ्यात पोरीची मोठी मोठी पेन्सिल. मी उभ्या उभ्या वाचलं, एकेक अक्षर. जन्मात पहिल्यांदा मी कोणाच्या मदतीविना एक जपानी शब्द वाचला, रमा. ओजीचान. म्हणजे आजोबा.

आजीचं नाव कुठंच नाही. उलटून पाहिलं, तिकिटाजवळ पाहिलं. पत्र मी लिहिलं, आन् उत्तर ह्यांले!

काहून? ह्यांनी काय केलं असं? मागच्या बाकावर बसले! हे आंघोळीले गेले होते. मी ते पाकीट कपाटात माझ्या शालूच्या घडीत सरकवून दिलं. उघडलं नाही, फाडलं नाही, दिलंही नाही.

दोन दिवस झाले. जेवण जात नाही. चुकलं असं वाटते, पण द्यावंही वाटत नाही. ते पाकीट उघडून हे माझ्यासमोर घडाघडा वाचतील, आन् मी ऐकत बसू? तूच सांग.

तुझी,
विनू

◆

अमरावती
१५ एप्रिल २०२५

ती. सौ. विनूताईस,

शि. सा. न.

या वेळी हसू आलं नाही. ताई, दुसऱ्याचं पत्र दाबून ठेवायचं? आपल्या बाबांनी हे ऐकलं असतं तर तुला दोन दिवस अंगणात उभं केलं असतं. सल्ला माझा होता, म्हणून मलाही अर्धा दिवस उभं केलं असतं.

आता कधी न लिहिलेलं लिहिते. मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही, हे गेल्यापासून चार वर्षांचा. तुझ्या घरात भांडायला माणूस आहे. तुझ्या अक्षरात चुका काढणारं कोणी आहे, त्याचा तुला राग येतो! माझ्याकडे लपवून ठेवावं असं कोणाचंच पत्र येत नाही. तुझं येतं, तर त्यात भाऊजींच्या तक्रारी असतात, आणि त्या वाचून मला आणखी जळायला होतं. झालं, लिहून टाकलं.

पोरगी सात वर्षांची आहे. तिनं आजोबांना लिहिलं तर तिला तसं काही कारण असेल. तुला अक्षरं येतात ना? मग एक तर पाकीट भाऊजींना दे, नाही तर स्वतः उघड आणि स्वतः वाच, आणि मग दे. पण शालूत ठेवू नकोस.

रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.

तुझी,
रमा

◆

रायपूर
२१ एप्रिल २०२५

चि. रमास,

रामकृष्णचे आशीर्वाद. पत्रास कारण की, दोन आठवडे विनू माझ्याशी नीट बोलत नाही. जेवण वाढते आणि आत जाते.

वर्गात मी पुढे पुढे केलं, हे मला उशिरा समजलं. गेले दोन रविवार वर जात नाही, खाली चहाच्या टपरीवर बसतो. शर्मिष्ठानं बोलावलं तर गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

दुसरी गोष्ट. विनू स्वयंपाकघरात गेली की ज्ञानदा व्हिडिओवर हळूच विचारते, पत्र मिळालं का. मी नाही म्हणतो. काल पोरीचं तोंड एवढंसं झालं. म्हणून पोस्टात जाऊन आलो. गंगाधर म्हणाला, हव, जपानवाला लिफाफा मी खुद आंटीच्या हातात दिला.

मी विनूला काही विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तिला द्यावंसं वाटेल तेव्हा देईल. पण पोरगी तिकडे थांबली आहे, एवढंच मनाला लागतं. तू तिची धाकटी बहीण. जमलं तर समजाव. मी लिहिलं हे कळवू नये.

प्रकृतीस जपावे.

तुझा,
रामकृष्ण

◆

॥ श्री ॥

रायपूर
३० एप्रिल २०२५

प्रिय रमास,

तुझं पत्र वाचून तीन दिवस रागावली. चौथ्या दिवशी पाकीट उघडलं.

फोनचा कॅमेरा धरून पाहिला, त्याले पोरीचं अक्षर समजेना, काहीच्या बाही सांगे. मंग वही घेतली. अक्षर मी लावायचं, वहीत पाहून खात्री करायची, आन् अख्खा शब्द लागला की अर्थ फोनले विचारायचा. ने, रे, वा तिथंही आडव्या आल्याच. चार दुपारी लागल्या. पण वाचलं, रमा. पूर्ण वाचलं, एकटीनं.

पोरीनं काय लिहिलं होतं सांगू? ओजीचान, आजीचं पत्र आलं. मी शाळेत नेलं, पण वाचता आलं नाही. आजीच्या प्रत्येक शब्दावर एक छप्पर आहे, त्याच्याखाली कोणतं अक्षर आहे ते दिसत नाही. बाबाले दाखवलं नाही, आजीनं फक्त मले लिहिलं आहे. तुम्ही आजीले विचारा आन् मले सांगा. पण मले वाचता आलं नाही हे आजीले सांगू नका. तिले वाईट वाटेल.

आधी मले काही समजेना की छप्पर कशाचं. मंग कोऱ्या कागदावर तेच पत्र पुन्हा लिहून पाहिलं, आन् माझ्याच हातानं माझ्यासमोर रेघ ओढली! शब्द संपला की डोक्यावरून रेघ, जशी हे पत्र लिहिताना ओढून राहिली. वर्गात चौकटीत एकेक अक्षर असते म्हणून हात थांबे. मोकळ्या कागदावर हात जन्मभराच्या सवयीनं धावला. आन् ह्यांले एकदा दाखवलं असतं तं लगेच सांगितलं असतं.

मी स्वयंपाकघरात बसून रडली. पोरगी माझंच पत्र वाचायले धडपडून राहिली, आन् मी तिचं पत्र शालूत कोंबलं.

काल सकाळी पाकीट ह्यांच्या पुढ्यात ठेवलं आन् सगळं सांगून टाकलं. हे म्हणाले की गंगाधरनं आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. आठ दिवस, रमा! एक शब्द बोलले नाहीत. मले वाटलं आता तरी रागावतील. चष्मा लावला, पाव तासात पत्र वाचलं, आन् तुले पोरीनं सांगितलं नाही असंच समज, असं म्हणाले. मंग कागद घेऊन बसले आन् विचारलं की तू तिले काय लिहिलं होतं, ते सांग.

मी म्हटलं, आजी मजेत आहे, अभ्यास कर, असं काही गोड लिहून टाका. तं म्हणाले की एवढी वर्षं लोकांच्या तारा पाठवल्या, कोणाच्या निरोपातला शब्द बदलला नाही. पोरीनं आजीनं काय लिहिलं ते विचारलं आहे, तेच जाईल.

मी खूप हातापाया पडली. ऐकेनात. शेवटी सांगितलं. भिंतीकडे पाहून सांगितलं. ज्ञानदा, आजोबांले पत्र लिहू नको. मले लिही. आजोबांपेक्षा आजी तुझ्यावर जास्त माया करते.

ह्यांनी मान वर केली नाही. फोनले विचारत विचारत एकेक अक्षर लिहीत गेले, टपोरं, सुटं सुटं. अर्धा तास लागला. मंग कागद माझ्याकडे सरकवला आन् म्हणाले की आजोबांले लिहू नको, एवढं एक वाक्य तपासून दे, ते चुकायले नको.

मी बोट ठेवून एकेक अक्षर पाहिलं. सगळं बरोबर होतं.

माया आहे तेवढी राहू दे ग, जास्त मागायचं तोंड नाही.

तुझी,
विनूताई