पाचव्या दिशेचा पूर्वपक्ष

प्रिय दीपमाला,

चिखलीत सगळं ठीक. लोणच्याच्या कैऱ्या चिरता चिरता आमच्या सौभाग्यवती, वंदना, म्हणाल्या, "तुमची मैत्रीण झाडावरून पडणाऱ्या कैरीले अन् करंटले एकाच दोरीनं बांधून राह्यली म्हणे. मंग कैरी हातात धरली तं करंट काऊन लागत नाही?" मी पडलो संस्कृतचा मास्तर. चष्मा पुसत बसलो.

तुझं म्हणणं मला कळलं ते एवढंच: लांबी-रुंदी-उंची आणि काळ यांखेरीज जगाला एक चिमुकली पाचवी दिशा आहे. वस्तू फक्त सरळात सरळ वाट धरते. जागा-काळ वाकले की त्याच वाटेला आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. पाचव्या दिशेतली चाल म्हणजे विजेचा भार. एका सूत्रात दोन्ही! कल्पना शंभर वर्षं जुनी, हे तू कधी लपवलं नाहीस. तिथवर नेणारी वाट मात्र तुझी. सूत्रातलं एकेक अक्षर कमी करण्यात हयात घालवणारी आमची व्याकरणवाल्यांची जमात, आम्हाला हे आवडणारच.

मग खामगावात, तुझ्याच विद्यार्थ्यांसमोर, पुण्याच्या पाहुण्यांनी दाखवलं की तुझ्या गणितात सारखे भार एकमेकांना ओढतात. खऱ्या जगात ते लोटतात. पाचव्या दिशेला तू काळाचं उणे चिन्ह दिलंस, जागेचं अधिक हवं होतं. आणि ते बदललं की तुझी पहिलीच पायरी हलते. पाहुणे हसले. तू फळा पुसलास. तेव्हापासून विषय काढला की तू, बाईसाहेब, चहा टाकायला उठतेस.

आमच्या शास्त्रात सिद्धांत मांडणाऱ्याला आधी पूर्वपक्ष मांडावा लागतो, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, तेही विरोधकापेक्षा जोरात. ते काम तू पाहुण्यांवर सोडलंस. माझ्या मते चिन्हापेक्षा ही चूक मोठी.

रविवारचं आमच्या विज्ञान मंडळातलं तुझं व्याख्यान रद्द करा, हा तुझा निरोप तुझ्या शेजारच्या किसनरावांनी मला दिला. मी तो पुढे मंडळाला दिलेला नाही, देणारही नाही. तुझी चूक फळ्यावर पहिल्या ओळीत मी स्वतः लिहीन, मोठ्या अक्षरात, आणि पाहुण्यांच्या बाजूने कडाकडा भांडेन. तयारी झाली आहे. खाली उत्तर तू लिहायचं. सापडलं नसेल तर 'अजून सापडलं नाही' असं लिहायचं, पण तिथे उभं राहून. सकाळची एसटी पकड. वंदना पहिल्या रांगेत कैरी घेऊन बसणार आहे, आणि तिला उत्तर देणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

तुझाच, रविवारपुरता विरोधक,
अनंत