सहाव्या फेरीचं भाकीत

विद्याधर नगर, जयपूर
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आक्कास,
श्रीपादचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डिसेंबरच्या लढतीचं माझं भाकीत चुकलं, या एका बातमीवर तू दोन पानं खर्च केलीस. एवढा आनंद तुला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. मी तिथे हजर होतो.

आता कामाचं. १ मार्चला इथे जयपुरात बॉक्सिंगच्या सत्तावन्न किलो गटाच्या राष्ट्रीय विजेतेपदाची लढत आहे. आठ फेऱ्या. एका बाजूला हरियाणाची प्रियंका, गतविजेती, अकरा लढतींत एकही हार नाही. दुसऱ्या बाजूला आमचं कन्यारत्न कीर्ती. आपल्या वडिलांनी, नानांनी, रेल्वेच्या स्पर्धांत जन्मभर घंटा वाजवली आणि आपल्याला एकच नियम घालून दिला: भाकीत लढतीआधी टपालात पडलं पाहिजे. फोनवरचं धरायचं नाही, कारण फोनवर बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी गिळतो. ज्याचं चुकेल त्याने तसं स्वहस्ते लिहून द्यायचं. तेव्हा नियमाप्रमाणे घे: प्रियंका, सहाव्या फेरीत, नॉकआउट.

कारणंही देतो, म्हणजे तुला भांडायला सोपं जाईल. कीर्ती पाच फेऱ्या उत्तम खेळते. मग दमली की डावा हात हनुवटीपासून घसरत छातीशी येतो, जणू पदर सावरते आहे. शिवाय जोराचा ठोसा मारण्याआधी थबकून एक श्वास घेते, म्हणजे समोरचीला आधी नोटीस देते. प्रियंकाचा उजवा हात अशाच उघड्या हनुवटीची वाट बघत असतो. हे मी बाप म्हणून लिहीत नाही, जाणकार म्हणून लिहितो.

कीर्तीने मला पहिल्या रांगेचं तिकीट आणून दिलं आहे. तिचं म्हणणं, बाकी काही नको, फक्त येऊन बसा. मी सांगितलं की निकाल मला ठाऊक आहे, उगाच खुर्ची कशाला अडवू. ती आत निघून गेली. सुवर्णा, आई ना तिची, तेव्हापासून माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलते.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवायचाच असेल तर १ मार्चनंतर वाढव.

तुझा,
श्रीपाद

मिरज
९ फेब्रुवारी २०२५

चि. श्रीपाद यास आक्काचे अनेक आशीर्वाद. त्यातला एक बुद्धीसाठी राखून ठेव.

तुझं अभ्यासपूर्ण पत्र वाचून धन्य झाले. पोटच्या पोरीला कितव्या फेरीत आडवं करायचं याचा एवढा बारीक विचार तिच्या वैरिणीनेही केला नसेल. प्रियंकाकडे प्रशिक्षकाची जागा रिकामी असेल तर अर्ज करून बघ.

पण जाणकारसाहेब, चार वर्षांपूर्वी अजमेरला काय झालं होतं? कीर्तीची पहिली लढत. दुसऱ्याच फेरीत तिचं नाक फुटलं आणि आपण चहा प्यायला म्हणून उठलात, ते थेट जयपूरच्या घरी. चहासाठी एकशे तीस किलोमीटर जाणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. पोरीने रक्त पुसून मान वळवली तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती. ती जिंकली, हे तू फोनवर ऐकलंस. तेव्हापासून ती दर वेळी तिकीट आणते आणि तू दर वेळी भाकीत पाठवतोस.

सुवर्णा सांगत होती की तिच्या लढतींचे व्हिडिओ तू मोबाइलवर आवाज बंद करून पुन्हा पुन्हा बघतोस. घसरणारा हात आणि तो श्वास काय उगाच दिसला तुला? तुला भीती वाटते, श्रीपाद. ती हरणार असं आधीच लिहून ठेवलं की ऐन वेळी कमी दुखेल, असं तुला वाटतं. शहाण्याला शब्दांचा मार पुरतो म्हणतात. तुझ्यासाठी मला आख्खा कागद लागला.

माझं भाकीत: कीर्ती, तिसऱ्या फेरीत, नॉकआउट. कारणं काही नाहीत. मी आत्या आहे.

तुझ्या पत्राचं जे करायला हवं ते मी केलं आहे. गुडघ्याला तेल लाव आणि तिकीट फाडू नकोस.

आक्का

जयपूर
१८ फेब्रुवारी २०२५

आक्का,
नमस्कार. आज साष्टांग घालणार नाही. कंबर दुखते आणि इच्छाही नाही.

तू पत्राचं काय केलंस ते काल कळलं. कीर्ती डबा विसरून गेली म्हणून वैशाली नगरातल्या तिच्या जिममध्ये गेलो. बघतो तर आरशावर माझं पत्र चिकटवलेलं! ‘पदर सावरते’ याखाली लाल रेघ. तिचे प्रशिक्षक राजन सर यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून आमच्या विदुषीने प्रत्येक ओळीखाली हिंदी अर्थ लिहिला आहे. सरांनी वाकून नमस्कार केला आणि विचारलं की अंकलजी, प्रियंकाबद्दलही असंच काही लिहून द्याल का. पन्नास वर्षांत आपलं भाकीत तिसऱ्याने वाचलं नव्हतं. नाना असते तर त्यांनी तुला बाद केलं असतं.

घर फिरलं की वासेही फिरतात. कीर्तीने माझ्याशी अबोला धरला आहे. जेवायला बसली की उजव्या हाताने जेवते, डावी मूठ हनुवटीशी धरून ठेवते आणि सबंध वेळ माझ्याकडे बघत राहते. सुवर्णा तिला आग्रहाने वाढते. मी मीठ मागितलं तर ऐकू जात नाही.

प्रियंकाबद्दल मी चार ओळी लिहून दिल्या, त्यावरून गैरसमज करून घेऊ नकोस. सरांनी मागितल्या, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. चारच्या नऊ झाल्या, तो भाग वेगळा. भाकीत कायम आहे आणि १ तारखेला मी घरीच आहे.

लोभाचा विषय तूर्त राहू दे.

श्रीपाद

जयपूर
३ मार्च २०२५

ती. आत्या,
नमस्कार. माझी मराठी जशी आहे तशी चालवून घे. एक डोळा सुजलाय, त्यामुळे ओळी पण वाकड्या जातायत.

मी हरले. आठ फेऱ्या पूर्ण झाल्या. दोन पंचांनी प्रियंकाला दिलं, एकाने मला. मतलब तुझी तिसरी फेरी पण गेली आणि बाबांची सहावी पण गेली. सॉरी आत्या.

तिकीट मी सकाळी त्यांच्या चष्म्याखाली ठेवलं होतं. रिंगमध्ये गेल्यावर बघितलं, पहिल्या रांगेत फक्त आई. बाजूची खुर्ची रिकामी. मला माहितीच होतं, तरी वाईट वाटलं. मग मी बघणं सोडलं.

सहाव्या फेरीत हात एकदम जड झाले. तेव्हा कोणीतरी खूप लांबून ओरडलं की डावा हात वर, अगं डावा हात वर. मराठीत! आत्या, त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मराठीत कोण ओरडणार? मी हात वर घेतला आणि प्रियंकाचा उजवा माझ्या ग्लोव्हवर बसला. फेरी संपल्यावर बघितलं. बाबा एकदम वर, दरवाज्याजवळ उभे होते. मतलब पळायला सोपं. आजूबाजूचे लोक त्यांना बैठ जाइए अंकलजी, बैठ जाइए म्हणत होते, ते काही बसत नव्हते. डोळ्यावर मला आठव्या फेरीत लागलं. तेव्हा मी पहिले तिकडेच बघितलं. ते तिथेच होते.

नंतर बाहेर भेटले. माझी बॅग घेतली आणि पार्किंगमध्ये उलट्या बाजूला चालायला लागले. पुढचं त्यांनाच विचार.

तुझ्या हातच्या चिवड्यावर माझं प्रेम आहे, तुझं माझ्यावर राहू दे.

तुझी,
कीर्ती

जयपूर
४ मार्च २०२५

तीर्थरूप आक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार. कंबर अजून दुखते, तरी घातला.

नियमाप्रमाणे लिहून देतो: मी चुकलो. सहाव्या फेरीत ती पडली नाही. तूही चुकलीस, तेव्हा तुझा कागद येऊ दे, आणि तो दोन पानी असावा.

मी पहिल्या फेरीपासून दाराशी होतो. आत येताना दाराची मूठ धरली ती सोडलीच नाही. दर ठोशाला वाटायचं, आता जावं. आठव्या फेरीत तिच्या डोळ्यावर बसला तेव्हा मी दार अर्धं उघडलंही होतं. तेवढ्यात तिने मान वळवली आणि वर बघितलं. आक्का, अजमेरलाही तिने असंच बघितलं असणार. मी दार लावून घेतलं.

चार वर्षं मी समजत होतो की तिला मार बसताना मला बघवणार नाही. ते खरंच आहे, एकही फेरी बघवली नाही. पण बघवत नसलं तरी उभं राहता येतं. ही अक्कल मला पासष्टाव्या वर्षी आली.

डोळा ठीक आहे, डॉक्टरांनी तपासला. काल तिला बर्फ लावत होतो, तर मी जोरात दाबतो अशी तक्रार झाली. सुवर्णा पुन्हा बोलू लागली आहे आणि मला आधीचेच दिवस बरे वाटू लागले आहेत.

कीर्तीची पुढची लढत ऑगस्टमध्ये भोपाळला आहे. भाकीत या खेपेला तू एकटीच पाठव. मला लिहायला सवड होणार नाही, मी लढतीला जाणार आहे.

कळावे, आणि कळलं असेल तर फार चिडवू नये.

तुझा,
श्रीपाद