निकिताच्या रागाची चाल

श्री. कारभारीदादा यांना,

सिडकोतून नवनाथचा सादर नमस्कार. वहिनींच्या कमरेचं दुखणं आता कसं आहे? तुम्हीही पिंपळगावच्या त्या कोल्ड स्टोरेजच्या गारठ्यात उभे असता, कानाला मफलर बांधत जा. इकडे मी जिवंत आहे, याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण माझ्या आवाजावर माझाच भरवसा उरलेला नाही. तुमची बहीण माहेरी गेल्याचं कळलंच असेल. ती का गेली आणि तिला आणायला जाऊन मी काय करून आलो, ते मात्र माझ्याकडूनच ऐका.

तुम्हाला ठाऊक आहे, निकिता एरवी माझ्याशी नाशकातली मराठी बोलते. अहिराणी निघते ती फक्त रागात. लग्नानंतर मी अहिराणी शिकायला घेतली, 'माले', 'तुले' असे तक्ते फ्रिजवर चिकटवले (अजून आहेत), पण डोक्यात काही शिरेना. ती स्वयंपाकघरातून ओरडायची तेव्हा मात्र मिक्सर चालू असायचा. शब्द कळायचे नाहीत, नुसती चाल हॉलपर्यंत यायची. हळूहळू समजायला लागलं, की आवाज असा चढला म्हणजे 'जर' आलंय, आता 'तर' येईपर्यंत सोफ्यावरून हलायचं नाही. इथे दम घेतला म्हणजे माझा विषय संपून माझ्या आईचा सुरू झाला. मग एकेक शब्द आपोआप त्या चालीच्या खोबणीत येऊन बसला. आज कितीही गुंत्याचं वाक्य मी अहिराणीत न चुकता बोलतो. त्याच विद्येने माझा घात केला.

झालं असं, की तुमच्या आईंच्या मोतीबिंदूसाठी इथल्या डॉक्टरांची वेळ घ्यायचं मी दरवेळी कबूल करायचो आणि विसरायचो. त्यावरून निकिता बोलायला लागली. एवढं लांब, एकात एक अडकलेलं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि कुठे अडखळणं म्हणून नाही! न राहवून मी म्हणालो, "वा!" (तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला नंतर दिसलं.) ती "बरं, चालेल" म्हणाली, अगदी शुद्ध मराठीत, आणि सटाण्याच्या एसटीत जाऊन बसली.

आठवड्याने मी आणायला गेलो. 'माझी चूक झाली, निकिताला न्यायला आलो' एवढी माफी अहिराणीतच मागावी, तुमच्या आईवडिलांना बरं वाटेल, म्हणून बसमध्ये घोकत गेलो. अंगणात ते दोघं आणि शेजारच्या बयाबाई बसलेल्या. मी म्हणालो, "मनी चुकी व्हयनी. निकिताले लेवाले उनू." एक अक्षर चुकलं नाही. पण दादा, चाल! माझ्याकडे चाल एकच, आणि ती रागाची. आवाज वर गेला, 'चुकी'वर आपटला, हात आपोआप कमरेवर गेला (तोही अभ्यासातच आलेला). चूक माझी नसून अख्ख्या गल्लीची असल्यासारखं वाटलं असणार. आई दचकल्या. तुमच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, "हाऊ जवाई शे का सासू?" बयाबाई तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. खुलासा करायला गेलो, तर आणखीच भांडल्यासारखं झालं. तेवढ्यात निकिता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

पाहुण्याशी बोलावं तसं बोलली हो! मी एकटाच परत आलो. तेव्हापासून रोज फोन करते, जेवलात का विचारते, काळजी घ्या म्हणते आणि ठेवून देते. रागातलं 'तू' गेलं, 'तुम्ही' आलं. घर इतकं शांत झालंय, की संध्याकाळी मी रिकामा मिक्सर लावून बसतो.

वहिनींना नमस्कार. पत्र त्यांना वाचायला दिलंत तरी चालेल, माझी आता लाज उरलेली नाही.

तुमचा,
नवनाथ

ता. क. आईंच्या डोळ्यांसाठी येत्या गुरुवारची वेळ घेतली आहे. खरंच घेतली आहे. गाडी घेऊन मीच येईन, अंगणात तोंड उघडणार नाही.

आणखी एक ता. क. निकिताला परत पाठवा, असं मी म्हणत नाही; तेवढं मागायला तोंड नाही. फक्त तिला सांगा, म्हणावं एकदा फोन करून त्याला अहिराणीत चांगलं झाडून काढ. विषय तिने निवडावा. या वेळी मी चाल नाही, शब्द ऐकेन.