जावळाचं नातं

४ फेब्रुवारी
अखेर सुक्रे शहर! दोन्या एन्कार्ना स्वतः गाडी घेऊन स्टँडवर आल्या होत्या. आमच्या खाणीच्या गावात लहानपणी माझं जावळ त्यांनीच काढलं, म्हणून त्या माझ्या धर्मआई. त्याच नात्याने आईने मला त्यांच्या स्वाधीन केलंय. इथे राहायचं, नर्सिंग शिकायचं. पांढरंशुभ्र घर, अंगणात लिंबाचं झाड, आल्याआल्या गरम सालतेन्या, रसाळ सारणाच्या मोठ्या करंज्याच जणू. पहिल्याच घासाला रस माझ्या झग्यावर! त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, इलारिया, तू इथली लेक, मोलकरीण नव्हेस. मोलकरीण वेगळी आहे, तिचं नाव बासिलिया. सदा डोक्याला फडकं आणि तोंडाला कुलूप.

९ फेब्रुवारी
कुलूप उघडलं एकदाचं! कपडे पिळताना बासिलियाने बाही वर केली. इस्त्रीचे चटके. बाईंनी दिले म्हणे. मग फडकं सोडलं, वेणी मुळापासून कापलेली. म्हणे, बाईंकडे केस राहिले की पाय उंबरा ओलांडत नाहीत गं पोरी, तू तरी पळ. मला हसू आवरेना. इस्त्री करताना भाजलं असेल, उवा झाल्या म्हणून केस कापले असतील. कामचुकार बायका अशाच कंड्या पिकवतात. माझं जावळ काढणारी बाई असं करेल? मी तिच्या हातावर थोपटलं, शांत हो म्हटलं, आणि संध्याकाळी सगळं धर्मआईंच्या कानावर घातलं. तिच्याच भल्यासाठी.

१० फेब्रुवारी
बासिलिया गेली. धर्मआई म्हणतात, चांदीचे चमचे घेऊन पळाली. चमचे तर मी खणात पाहिले. दुसरे असतील. तिची शाल मात्र दोरीवरच आहे. नवी बाई मिळेपर्यंत स्वयंपाक मी बघायचा. लेकच ना घरची.

२ मार्च
नर्सिंगचे वर्ग सुरू झाले. माझं नाव घालायचं राहून गेलं म्हणे. माझं ओळखपत्रही त्यांच्याकडेच. मोरीमागच्या बंद कोठीतून कपडे घासल्याचा आवाज येतो. विचारलं, तर म्हणाल्या, उंदीर. उंदीर कपडे घासतात?

११ मार्च
सूप खारट झालं. त्यांनी इस्त्री— माझ्या मनगटावर. मग स्वतःच मलम लावलं. म्हणाल्या, किती गं वेंधळी.
आईला फोन केला. ती भडकलीच. धर्मआईवर आळ घेतेस, जीभ झडेल. त्यांचा फोन आधीच गेला होता. पोरगी आळसावलीय, कहाण्या रचते म्हणून.

१५ मार्च
त्यांच्या कपाटात वेण्या. ओळीने टांगलेल्या. बासिलियाची पण. शेवटी मऊ केसांची बट, चिठ्ठीवर माझं नाव— माझं जावळ.
दाराशी धावले. दार सताड उघडं. पाय उचलेना.

२० मार्च
नवी मुलगी आली. त्यांची दुसरी धर्मलेक. शिकायला. सालतेन्या खाताना खिदळत होती.
मोरीवर गाठून तिला सगळं सांगितलं. बाही वर केली. रडले. म्हटलं, उंबऱ्याशी जाऊन बघ, पाय उचलतोय का, उचलला तर आजच—
तिने माझ्या हातावर थोपटलं. शांत हो, म्हणाली.
आता ती धर्मआईंच्या खोलीत आहे. कुजबुज. माझं नाव—
कोठीचं कुलूप निघालं.
आई, मी खोटं नाही—