दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार (खोली इतकी अरुंद आहे की आठही अंगं एकदम टेकत नाहीत, पण भावना समजून घ्या).

पत्र बघून घाबरू नका, मी धडधाकट आहे. तुमची कंबर काय म्हणते? दादाची साखर आटोक्यात आहे की अजून चोरून गोड खाणं चालूच आहे? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण तुम्ही फोन कायम स्पीकरवर टाकता आणि दादा शेजारी पेपर वाचल्याचं सोंग करून कान टवकारून बसतो. म्हणून हा कागद.

इथे वर्षअखेरीची सुट्टी लागली आहे. मी ज्या बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरायची यंत्रं बसवतोय तो बारा दिवस बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तीन वर्षांतला हा माझा चौथा देश, पण सुट्टीत इतका एकटा कुठेच पडलो नव्हतो. आणि यात दोष सर्वस्वी माझा आहे (म्हणजे खरं तर आपल्या घरच्या वळणाचा, पण ते मागाहून).

झालं असं की सुट्टीच्या आठवडाभर आधी कारखान्यातला इलेक्ट्रिशियन म्हणाला, एकटा काय करशील, आमच्याकडे जेवायला ये. आता कोणी बोलावलं की लगेच 'येतो' म्हणायचं, इतका का मी हावरट आहे? मी रीतीप्रमाणे म्हणालो, "छे छे, कशाला उगाच त्रास!" तो "बरं" म्हणाला आणि पाना घेऊन निघून गेला. मी दोन दिवस त्याच्या आसपास घोटाळलो. तिसऱ्या दिवशी तो सुट्टीवर गेला. मग फोरमनने विचारलं. त्यालाही मी "बघू, जमेलसं वाटत नाही" म्हणालो. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि विषय संपला. वहिनी, ही माणसं वाईट नाहीत हो. आपण जे बोलतो ते त्यांना खरं वाटतं, एवढंच.

कहर झाला तो परवा. घरमालकीणबाई झाकलेलं गरमागरम ताट घेऊन दारात उभ्या. सकाळपासून मी पावावर होतो. आणि या करंट्या तोंडातून निघालं काय, तर "नको नको, आत्ताच जेवलो!" बाई हसल्या, ताटासकट जिना चढून गेल्या. वास मात्र बराच वेळ जिन्यात होता. मी दार उघडंच ठेवलं.

मग ठरवलं, आता पहिल्या फटक्यात हो म्हणायचं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने केस कापता कापता विचारलं, सुट्टीत काय बेत? मी म्हणालो, येतो की! त्याची कात्री थांबली. माणूस भला, पत्ता लिहून दिला. गेलो. पंगतीला दहाजण, सगळे हसतमुख. न्हाव्याच्या सासूबाई वाढायला आल्या आणि मी सवयीने ताटावर आडवा हात धरून "बस्स, बस्स" म्हणालो. ताटात तोवर काहीच पडलं नव्हतं. त्या पुढे सरकल्या. दीड तास मी पाणी पीत सगळ्यांकडे बघून हसत होतो.

तुम्हाला हसू येत असेल. मलाही आलं, घरी येईपर्यंत. मग खोलीत बसल्यावर दादाचा महिन्यापूर्वीचा फोन आठवला. स्वतःहून फोन करणारा माणूस नव्हे तो. म्हणाला, "या सुट्टीत येतोस का?" आणि मी? "बघू रे, काम फार आहे, कशाला उगाच." मला वाटलं, तो आता ओरडेल, शिव्या घालेल, मग मी उपकार केल्यासारखा येतो म्हणेन. तो म्हणाला, "बरं. तब्येतीला जप." आणि फोन तुमच्याकडे दिला. तीन वर्षांपूर्वी निघताना त्याने मला चारदा थांब म्हटलं होतं, शेवटचं तर स्टेशनवर, लोकांदेखत. मी ऐकलं नाही. आता त्याचा आग्रह संपला असेल तर तो मीच संपवला. फार चुकलं माझं. परवा तुमच्या लेकीने फोनवर मला "काका, तुम्ही कसे आहात?" विचारलं. माझ्या खांद्यावर बसून माझे केस ओढणारी पोर मला अहो-जाहो करते, वहिनी. पाहुणा झालो मी.

इथलं काम पुढच्या महिन्यात संपतंय. कंपनी विचारतेय, पाचव्या देशात जाणार की कायमचा परत येणार. सुट्टी संपली की उत्तर द्यायचंय. बाकी सर्व क्षेम. माझी काळजी करू नका, मी अगदी मजेत आहे.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. हे पत्र दादाला दाखवू नका.

ता. क. २. किंवा असं करा, त्याच्या चष्म्याच्या घराखाली ठेवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा.

ता. क. ३. 'मजेत आहे' ते खोडायचं राहिलं. दादा, तू वाचतोयस हे मला माहीत आहे. तू पुन्हा विचारशील म्हणून आता थांबत नाही, मीच विचारतो: कायमचा घरी येऊ का? आणि कृपा करून तू तरी आढेवेढे घेऊ नकोस. मला दुसऱ्यांदा विचारायचा धीर होणार नाही.