राखणदाराला बोललेला कोंबडा

शनिवार, माघ, सन १९३२

दुपारी कुत्र्याने आमचा लाल कोंबडा धरला. ओरडून सोडवला, पण पाठीचं कातडं लोंबतंय. हळद नि खोबरेल लावून टोपलीखाली ठेवलाय. डोळा मिटलेलाच.

हे बोटीवरून सुखरूप परत यावेत म्हणून गावच्या राखणदार देवाला मी हाच कोंबडा नवसाला बोलले होते. सासूबाई म्हणाल्या, "कुत्र्याचा उष्टा देवाला चालायचा नाय. दुसरा बघ." दुसरा मिळेल. पण बोललेला हाच ना? देव रागावला, तर तो राग यांच्यावर निघेल का?

आत्ता टोपली उचलली, तर डोळा उघडा. माझ्या हातातले तांदूळ त्याने टिपले. इतकं बरं वाटलं, की क्षणभर हे बोटीवर आहेत हेच विसरले.

नेमकं तेवढंच देवाने पाहिलं नसेल ना?